मोकळं बालपण आणि ताईचा हिशेब

घरातली मोठी माणसं जमली आणि एखादं पोरगं कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं दिसलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "आम्ही तुझ्या वयाचे असताना सकाळी घराबाहेर पडायचो ते थेट दिवेलागणीला परत. आम्ही कुठे आहोत हे आईला ठाऊकही नसायचं!" हे वाक्य मीही अनेकदा ऐकवलंय. एकदा ते ताईच्या कानावर पडलं. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "आईला ठाऊक नसायचं, कारण मला ठाऊक असायचं. तू झाडावर चढायचास आणि मी खाली उभी राहून तू कधी उतरतोस याची वाट बघायचे. तोवर माझ्या मैत्रिणी खेळून घरी गेलेल्या असायच्या."

मी गप्प बसलो, पण ते बोलणं काही डोक्यातून जाईना. म्हणून या विषयावर काय काय लिहून ठेवलंय ते वाचायला घेतलं. मानसशास्त्र, समाजशास्त्र, नगररचना अशा वेगवेगळ्या वाटांनी लोक या प्रश्नाकडे आलेले दिसले, आणि ताईने दोन वाक्यांत जे सांगितलं त्याच्याच आसपास त्यांतले बरेच जण येऊन थांबलेले दिसले.

रडगाणं की खरोखरची घट?

"आमच्या वेळी असं नव्हतं" हे प्रत्येक पिढी म्हणते, त्यामुळे पहिली शंका रास्त आहे. पण या बाबतीत निदान काही देशांत तरी घट खरी आहे, कारण ती मोजलेली आहे.

इंग्लंडमध्ये १९७१ साली मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांची एक पाहणी केली. प्रश्न साधे होते. मूल एकटं रस्ता ओलांडतं का? शाळेतून एकटं घरी येतं का? शाळेशिवाय जवळपास कुठे एकटं जातं का? बसमध्ये एकटं बसतं का? मोठ्या रस्त्यावर सायकल चालवतं का? अंधार पडल्यावर बाहेर जातं का? आईवडिलांनी तोंडी दिलेल्या या मुभांना संशोधक 'परवाने' म्हणत. १९९० मध्ये त्याच भागांतल्या शाळांत तेच प्रश्न पुन्हा विचारले. सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी १९७१ मध्ये ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये ९ टक्के. मधे फक्त १९ वर्षं गेली होती.

गंमत म्हणजे त्याच काळात सरकारी पातळीवर समाधान व्यक्त होत होतं, की रस्त्यांवरच्या अपघातांत मरणाऱ्या मुलांची संख्या घटली, म्हणजे रस्ते अधिक सुरक्षित झाले. हिलमन यांनी याच्या नेमकं उलट मांडलं. रस्त्यांवरची वाहनं खूप वाढली होती, वेगही कमी झालेला नव्हता. मुलं मरत नव्हती कारण मुलं रस्त्यावर नव्हती. रानात वाघ आहे म्हणून माणसांनी तिकडे जायचं सोडलं आणि मग वाघाने कुणाला खाल्लं नाही, तर त्यावरून वाघ माणसाळला असं ठरत नाही.

अमेरिकेतले आकडे याच दिशेचे आहेत. १९६९ मध्ये ५ ते १४ वर्षांची सुमारे ४८ टक्के मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जात. २००९ मध्ये १३ टक्के. यातला काही भाग शाळा घरापासून लांब गेल्यामुळे आहे, पण सगळा नाही. शाळेजवळ राहणारी मुलंही चालेनाशी झाली.

आकड्यांपेक्षा मला एका कुटुंबाचा नकाशा जास्त लक्षात राहिला. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या एका घरातल्या चार पिढ्यांना २००७ मध्ये विचारलं गेलं, की आठव्या वर्षी एकट्याने किती लांब जायची परवानगी होती? पणजोबा पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातले. ते मासे पकडायला सहा मैल, म्हणजे जवळपास दहा किलोमीटर चालत जात. आजोबांना १९५० मध्ये मैलभर अंतरावरच्या झाडीत जायची मुभा होती. आईला १९७९ मध्ये अर्ध्या मैलावरच्या पोहण्याच्या तलावापर्यंत. मुलाला गल्लीच्या टोकापर्यंत, म्हणजे तीनशे यार्ड. एकाच घराची गोष्ट आहे, तिच्यावरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही. पण आपापल्या घरात हाच प्रश्न विचारून बघावा, असा मोह होतोच.

इथे तारखांकडे जरा नीट बघा. ८० टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आकडा घसरला तो १९९० पर्यंत. तेव्हा इंटरनेट सामान्य माणसापर्यंत आलेलं नव्हतं आणि पोरांच्या हातात मोबाईल असणं ही कल्पनाही कुणाच्या मनात नव्हती. म्हणजे मोबाईलने मुलांना बाहेरून आत ओढून आणलं हा आपला आवडता आरोप कालक्रमात बसत नाही. मुलं आधीच आत आली होती. मोबाईलने दाराला आतून कडी घातली, इतकंच फार तर म्हणता येईल.

आठवण नावाचा साक्षीदार

घट खरी आहे, पण तेव्हाचं बालपण आपण सांगतो तसं होतं का? इथे साक्षीदार आपली स्मृती आहे, आणि तिची उलटतपासणी घ्यायला हवी.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द आज आपण गोड हुरहुरीसाठी वापरतो, पण तो जन्मला आजाराचं नाव म्हणून. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या योहानेस होफर याने आपल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीकमध्ये 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. मायदेशापासून दूर राहणाऱ्या, झुरून अंथरूण धरणाऱ्या माणसांचं दुखणं त्याला सांगायचं होतं. आता त्याला कुणी रोग मानत नाही. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टंटाइन सेदिकिदेस आणि टिम विल्डशुट यांनी गेली वीसेक वर्षं प्रयोग करून दाखवलंय, की एकटं वाटतं किंवा मन खचलेलं असतं तेव्हा माणूस जुन्या आठवणींकडे वळतो, आणि त्याने त्याला बरं वाटतं, माणसांशी जोडलेलं वाटतं. म्हणजे हुरहूर औषधाचं काम करते. पण औषधाला कुणी साक्षीला बोलवत नाही.

अडचण अशी, की वाईट प्रसंगाची आठवण राहिली तरी तिच्यातली बोच लवकर विरते. चांगल्या प्रसंगाचा आनंद त्या मानाने सावकाश विरतो. हे अनेक प्रयोगांत दिसलंय. त्यात आणखी एक गाळणी माझ्या मते महत्त्वाची आहे. कंटाळा आठवत नाही. सुट्टीतल्या दुपारी "आता काय करू, काय करू" करत भिंतीला पाठ लावून घालवलेले तासच्या तास कुणाच्या गोष्टीत नसतात. झाडावरून पडलो तो एक क्षण असतो. चाळीस वर्षांनी सांगायला बसलं, की सगळं बालपण झाडांवरच गेलं असं वाटायला लागतं.

मग ते दुसरं ठरलेलं वाक्य: "आम्हाला काय झालं?" हे वाक्य म्हणायला जे उरले तेच ते म्हणतात. ज्यांना काही झालं ते त्या गप्पांत नसतात. जगभरात १९९० मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ९३ मुलं पाचव्या वाढदिवसाच्या आत दगावत होती. २०२२ मध्ये हा आकडा ३७ वर आला. यातले बहुतेक मृत्यू आजारांचे आणि जन्माच्या वेळच्या गुंतागुंतीचे, त्यामुळे ते मोकळ्या बालपणाच्या खात्यावर मांडणं अन्याय होईल. पण वाहतुकीचा हिशेब त्या खात्यावर नक्की मांडता येतो. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. छोटासा देश, आणि ज्याला आपण मोकळ्या बालपणाचा काळ म्हणतो नेमका तोच काळ. या आकड्याकडे शेवटी परत येऊ, कारण त्या देशाने पुढे जे केलं ते सहसा कुणी केलं नाही.

आणि मोकळं कोण होतं? भूगोलाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या गावात मुलांच्या मागोमाग फिरून ती कुठवर जातात याचे नकाशे काढले. मुलगे मुलींपेक्षा बऱ्याच लांबपर्यंत जात होते. हिलमन यांच्या पाहणीतही मुलग्यांकडे मुलींपेक्षा जास्त 'परवाने' होते. तीसेक वर्षांनी हार्ट त्याच गावात परत गेले, तेव्हा त्यांच्या नकाशांवरची मुलं आईबाप झालेली होती. गाव तसंच होतं, गुन्हे वाढलेले नव्हते. पण या आईबापांनी स्वतः जेवढं रान तुडवलं होतं, त्याच्या एका कोपऱ्यापलीकडे मुलांना सोडायला ते तयार नव्हते. स्वतःच्या बालपणाचं कौतुक करणारी आणि तेच बालपण मुलांना न देणारी माणसं एकच असतात, हे तिथे लख्ख दिसलं. (आरशात बघूनही दिसतं.)

लक्ष कोण ठेवायचं?

आता ताईच्या मुद्द्याकडे येतो. मला वाटतं सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे.

मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये जगभरातल्या पन्नास समाजांच्या नोंदी चाळल्या, मुलांवर जबाबदारी कितव्या वर्षी टाकली जाते हे बघायला. बहुतेक ठिकाणी पाच ते सात हे वय निघालं. त्या वयात मूल घरातली कामं करू लागतं, जनावरं राखतं, आणि धाकट्या भावंडांना सांभाळतं. म्हणजे मानवी इतिहासात लहान मुलाला सांभाळणारं माणूस बऱ्याचदा थोडं मोठं मूलच होतं, आणि त्यातही बहुधा मुलगी. आईची नजर नसणं म्हणजे कुणाचीच नजर नसणं, असं नव्हतं.

भावंडांपलीकडे रस्ता होता. १९६१ मध्ये जेन जेकब्स या अमेरिकी लेखिकेने शहरांबद्दल लिहिताना 'रस्त्यावरचे डोळे' ही कल्पना मांडली. दुकानात बसलेला माणूस, खिडकीतून डोकावणारी म्हातारी, पायरीवर बसून गप्पा मारणारे लोक यांतलं कुणीही मुलांना सांभाळायला नेमलेलं नसतं. पण मूल पडलं तर ते उचलतात, परका माणूस घोटाळताना दिसला तर हटकतात, आणि पोराने आगाऊपणा केला तर त्याच्या घरी कळवतात. हे लक्ष ठेवायला कुणाला वेगळा वेळ काढावा लागत नाही, ते आपापल्या कामाबरोबर होऊन जातं. शंभर माणसांनी दिवसातून अर्धा मिनिट दिलं, की मुलाला दिवसभर पुरतं. आणि मुलाला ते जाणवतही नाही, म्हणून मोठं झाल्यावर ते सांगतं की आमच्यावर कुणाचं लक्षच नसायचं!

या व्यवस्थेची फार गोड बाजू मांडू नये. तेच डोळे चहाड्या करत. मोठ्या होत चाललेल्या मुलीच्या मागे ते अधिक लागत. कुणीही मोठा माणूस कुणाच्याही पोराला धपाटा घालू शके. आणि मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, ही गोष्ट तेव्हाही खरी होती. फक्त मुलाने सांगितलं तर विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. शिवाय या डोळ्यांपैकी कितीतरी डोळे दिवसभर घरात राहणाऱ्या बायकांचे होते, ज्यांना दुसरा पर्याय नव्हता आणि ज्यांच्या या कामाचा मोबदला कुणी कधी मोजला नाही. मोकळं बालपण फुकट मिळत नव्हतं. त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटत होतं.

मग हे डोळे गेले कुठे? अनेक गोष्टी एकाच वेळी घडल्या. मुलं कमी झाली: १९६५ च्या आसपास जगात एका बाईला सरासरी पाच मुलं होत, आज सव्वादोनच्या आसपास. दुसरी-तिसरी ताईच जन्माला येत नाही, आणि गल्लीत खेळायला जमणारा घोळकाही तेवढाच विरळ होतो. बायका कामासाठी बाहेर पडल्या, जे व्हायलाच हवं होतं. करमणूक ओट्यावरून उठून घराच्या आत, पडद्यासमोर गेली. पण माझ्या मते सगळ्यांत मोठा घाव गाडीने घातला. तो फक्त अपघातांपुरता नाही.

१९६९ मध्ये डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांची तुलना केली. रस्ते एकसारखे, शेजारशेजारचे. फरक फक्त वाहतुकीचा. एकावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त गाड्यांच्या रस्त्यावर एकही भरत नव्हता, ०.९. माणसांनी काढून दिलेले नकाशेही बोलके होते. शांत रस्त्यावरची माणसं 'माझी जागा' म्हणून अख्खा रस्ता दाखवत, गजबजलेल्या रस्त्यावरची स्वतःच्या दारापाशी थांबत. गाड्या वाढल्या की लोक पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जातात, खिडक्या लावून घेतात, ओट्यावर बसेनासे होतात. एकाही मुलाला धक्का न लावता गाडी त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसं उठवून लावते. ॲपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेत गेले.

मुलांवर लक्ष ठेवायचं हे पन्नास-शंभर जणांत वाटलेलं काम शेवटी आईबाप या दोघांवर आलं, पुष्कळ घरांत एकटीवर. त्याची नोंद वेळेच्या हिशेबात दिसते. पाश्चात्त्य जगातल्या अकरा देशांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये दोन समाजशास्त्रज्ञांनी काढलेला हिशेब असा: १९६५ मध्ये आई मुलांच्या देखभालीत दिवसाला सरासरी ५४ मिनिटं घालवत होती, २०१२ मध्ये १०४. वडील १६ मिनिटांवरून ५९ वर आले. आजच्या आया नोकऱ्या करतात म्हणून मुलांकडे बघायला त्यांना वेळ नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. घरी असलेल्या त्या काळच्या आईपेक्षा आजची आई मुलांना जवळजवळ दुप्पट वेळ देते. तेव्हाच्या आईला द्यावा लागत नव्हता, हे त्याचं एक कारण.

भीती कुठून आली

एकटा माणूस पहारा देतो तेव्हा त्याला भीती जास्त वाटते. त्यात बातम्यांनी भर घातली. २५ मे १९७९ रोजी न्यू यॉर्कमध्ये सहा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या बसथांब्याकडे पहिल्यांदाच एकटा चालत निघाला आणि परत आला नाही. पुढे अमेरिकेत दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापायला सुरुवात झाली. रोज सकाळी नाश्ता करताना समोर हरवलेल्या पोराचा चेहरा. एक पिढीच्या पिढी त्या चेहऱ्याकडे बघत वाढली आणि आईबाप झाली.

प्रत्यक्षात ओळख नसलेल्या किंवा जेमतेम ओळखीच्या माणसाने मूल पळवून नेण्याचे, ज्याची धास्ती असते त्या प्रकारचे गुन्हे, अमेरिकेत १९९९ च्या सरकारी पाहणीनुसार वर्षाला सुमारे ११५ होते. करोडो मुलांच्या देशात. एकेक प्रसंग काळीज फाडणारा असतो, आणि म्हणूनच तो चटकन आठवतो. जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं, असं मन धरून चालतं. आमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच हे दाखवून दिलं होतं. मुलाला गाडीत बसवून शाळेत सोडताना वाटेत अपघात होण्याचा धोका चटकन आठवत नाही, कारण स्टिअरिंग आपल्या हातात असतं.

पण नुसतं आठवण्याने सगळं समजत नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ॲश्ली थॉमस, काइल स्टॅनफर्ड आणि बार्बरा सार्नेका यांनी एक प्रयोग छापला. लोकांना गोष्टी वाचायला दिल्या: मूल थोडा वेळ एकटं राहिलं, त्याला किती धोका होता ते सांगा. मुलाचं वय, जागा, वेळ सगळं तेच. बदललं फक्त आई का गेली याचं कारण. एका गोष्टीत आईचा अपघात होऊन ती बेशुद्ध पडली. दुसरीत ती कामावर गेली. आणखी एकीत प्रियकराला भेटायला. आई जितकी 'वाईट' कारणासाठी गेली तितका मुलाला धोका जास्त, असं लोकांनी ठरवलं! आई मुद्दाम गेली नव्हती तेव्हा धोका सगळ्यांत कमी वाटला. पोराला उचलून नेणाऱ्याला आई कुठे गेलीय हे ठाऊक असायचं काही कारण नाही. लोक धोका मोजत आहेत असं त्यांना वाटत होतं, मोजत होते ते आईला.

हे वाचलं तेव्हा बरंच काही जागेवर पडलं. पूर्वी एकटं हिंडणारं मूल दिसलं तर शेजारीण मुलाकडे बघायची. आता त्याच्या आईकडे बोट दाखवते. डोळे अजून आहेत, पण त्यांनी बाजू बदलली आहे, आणि अशा डोळ्यांसमोर मुलाला बाहेर सोडायला धीर लागतो. अमेरिकेतल्या युटा राज्याला तर २०१८ मध्ये कायदा करावा लागला, की जाणत्या मुलाला एकट्याने शाळेत चालत जाऊ देणं किंवा बाहेर खेळू देणं म्हणजे हेळसांड नव्हे.

पडण्याचा उपयोग

यात मुलांचं नुकसान काय झालं? एक नुकसान उघड आहे: धडपडायची सवय गेली. नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी मुलांना भावणाऱ्या धोकादायक खेळांचे सहा प्रकार केले. उंचीवर चढणं, वेग, धारदार हत्यारं, आग-पाण्यासारख्या गोष्टी, मारामारीचे खेळ, आणि मोठ्यांच्या नजरेआड नाहीसं होणं. त्यांच्या मते या खेळांतून मूल भीती थोडी थोडी चाखतं आणि पचवतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मापासून अभ्यासलेल्या मुलांच्या नोंदींतून याला जोड मिळते. पाच ते नऊ या वयात पडून जखमी झालेल्या मुलांना अठराव्या वर्षी उंचीची भीती इतरांपेक्षा जास्त असायला हवी, असं कुणालाही वाटेल. निघाली ती कमी. अर्थात जी मुळातच घाबरत नव्हती तीच चढली आणि पडली, असंही असू शकतं.

दुसरा दावा मोठा आहे आणि तिथे मी जरा हात राखून बोलतो. पीटर ग्रे, डेव्हिड लान्सी आणि डेव्हिड ब्योर्कलंड या अमेरिकी संशोधकांनी २०२३ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात मांडलं, की मुलांमधली चिंता आणि नैराश्य कित्येक दशकं वाढत आहे, त्याचं एक मुख्य कारण त्यांची स्वतःहून काही करायची संधी आटणं हे आहे. युक्तिवाद पटण्यासारखा आहे: आपलं आपण काही निभावून नेता येतं हा भरवसा निभावूनच येतो. पण दोन गोष्टी एकाच काळात बदलल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली हे सिद्ध होत नाही, आणि त्याच दशकांत बाकीही पुष्कळ बदललं.

जिथे मुलं अजून बाहेर आहेत

सगळीकडे असंच झालं असतं तर "काळच बदलला" म्हणून सोडून देता आलं असतं. तसं झालेलं नाही. २०१५ मध्ये सोळा देशांतल्या मुलांच्या मोकळिकीची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात फिनलंड पहिला आला. तिथली बहुतेक मुलं सातव्या वर्षी जवळपासच्या ठिकाणी एकट्याने चालत किंवा सायकलने जातात. जपानमध्ये सहा-सात वर्षांची मुलं पाठीला दप्तर लावून, वरच्या वर्गातल्या मुलांच्या सोबतीने रांगेत चालत शाळेत जातात. शाळा चालण्याच्या अंतरावर असते आणि वाटेवर मोठी माणसं उभी असतात. श्रीमंत, मोबाईलने भरलेले देश आहेत दोन्ही.

आणि नेदरलँड्स. १९७१ च्या त्या चारशेहून जास्त मुलांनंतर बाकीच्या देशांसारखं "मुलांनो, रस्त्यापासून लांब राहा" असं सांगून तिथलं काम भागलं नाही. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकार बापाने 'बालहत्या थांबवा' या मथळ्याचा लेख लिहिला. त्याच नावाची चळवळ उभी राहिली, लोक रस्त्यावर आले. डेल्फ्ट शहरात 'वोनेर्फ' नावाचा प्रकार आधीच सुरू झाला होता, १९७६ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली. वोनेर्फ म्हणजे असा रस्ता, जिथे चालणारा आणि खेळणारा मालक, गाडी पाहुणी. तिने माणसाच्या चालीने यायचं, झाडं आणि बाकांमधून वाट काढत. बाकं होती म्हणजे बसायला माणसं आली.

एकेकट्या आईबापाला हे जमण्यासारखं नाही, कितीही हौस असली तरी. मी आज माझ्या मुलाला बाहेर सोडलं तर तो रिकाम्या रस्त्यावर जाईल, आणि रिकामा रस्ता खरोखरच धोक्याचा असतो. बाकीच्यांनी सोडलं तर मी सोडेन, असं प्रत्येक जण म्हणतो, आणि सगळे आपापल्या खिडकीतून एकमेकांची वाट बघतात.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००९ मध्ये दोन शेजारणींनी यातून एक साधी वाट काढली. रीतसर परवानगी काढून आपली गल्ली शाळा सुटल्यावर दोन-तीन तास गाड्यांना बंद करायची. त्यांचं पाहून इतर शहरांतल्या गल्ल्यांनी तेच केलं. गल्लीच्या दोन्ही टोकांना झगझगीत जाकीट घातलेला एकेक शेजारी उभा राहतो. कुणाला गाडी घेऊन घरी यायचं असेल तर हा पुढे चालतो आणि गाडी त्याच्या मागे, त्याच्या चालीने. मधे मुलं काय करतात ते मुलं ठरवतात. मोठ्यांना वेगळं काम नसतं.

ताईला हे सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की त्या जाकिटाची पाळी सगळ्यांना येते, की ठरलेल्यांनाच?